गुठळ्या वाढल्या की त्यांची ओळख वाढली?

पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा आजार आता अनेक कुटुंबांच्या परिचयाचा झाला आहे. समाजातील त्याचे प्रमाण काळानुसार का बदलते आणि ज्येष्ठांच्या घरी त्यातून काय बोध घ्यावा, याचा हा विचार.

पनवेलच्या वडाळे तलावाकाठी सकाळची फेरी मारणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पा ऐकल्या, तर रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखी या जुन्या विषयांच्या जोडीला आता एक नवा शब्द कानी पडतो. तो म्हणजे ‘डीव्हीटी’, अर्थात डीप व्हेन थ्रॉम्बोसिस. कुणाच्या वहिनींचा पाय खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर सुजला आणि डॉपलर तपासणीत गुठळी निघाली. कुणाच्या शेजाऱ्यांना रुग्णालयातून घरी आल्यावर आठच दिवसांत धाप लागली आणि गुठळी फुफ्फुसात पोहोचल्याचे समजले. असे चार प्रसंग कानावर आले, की मनात सहज प्रश्न उभा राहतो : पूर्वी हे ऐकिवात नव्हते, मग आताच हा आजार इतका कसा वाढला?

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. एखाद्या आजाराचा आकडा वाढतो, तेव्हा तो आजार खरोखर वाढलेला असू शकतो, तो होण्याजोगी माणसे समाजात वाढलेली असू शकतात किंवा तो ओळखणारी यंत्रे आणि डॉक्टर वाढलेले असू शकतात. शिरेतील गुठळ्यांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडत आहेत. त्या वेगळ्या करून पाहिल्या, तर विनाकारण वाटणारी भीती कमी होते आणि जिथे खरी सावधगिरी हवी ती जागा स्पष्ट दिसते.

गुठळी का होते?

जखम झाल्यावर रक्त गोठणे हा निसर्गाने दिलेला संरक्षणाचा गुण आहे. हेच गोठणे जखम नसताना शिरेच्या आत घडले, म्हणजे आजार होतो. पायांच्या खोल शिरांमधील रक्ताला गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर, हृदयाकडे जावे लागते. या कामी पोटरीचे स्नायू पंपासारखे उपयोगी पडतात. आपण चालतो तेव्हा ते आकुंचन पावतात आणि रक्त वर ढकलतात. चालणे थांबले की हा पंपही मंदावतो.

जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्कोव यांच्या नावाने ओळखली जाणारी तीन कारणे आजही प्रत्येक डॉक्टर शिकतो. रक्ताचा प्रवाह मंदावणे हे पहिले, शिरेच्या आतील अस्तराला इजा होणे हे दुसरे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे हे तिसरे. फुफ्फुसात सापडणारी गुठळी बहुधा दुसरीकडे, विशेषतः पायात, तयार होऊन तिथवर वाहत येते, हे विर्कोव यांनी १८५६ च्या सुमारास दाखवून दिले. त्यांचा जन्मदिवस १३ ऑक्टोबर हा २०१४ पासून ‘जागतिक थ्रॉम्बोसिस दिन’ म्हणून पाळला जातो.

ही तीन कारणे ध्यानात ठेवली, तर पुढचे सारे सोपे होते. खुब्याचे हाड मोडलेल्या आजींच्या बाबतीत तिन्ही कारणे एकत्र येतात. त्या अंथरुणाला खिळतात, हाडाजवळच्या शिरांना इजा होते आणि दुखापत व शस्त्रक्रिया यांमुळे रक्ताची गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. कर्करोग, गंभीर जंतुसंसर्ग, स्थूलता, गर्भारपण व बाळंतपणानंतरचे आठवडे, काही हार्मोनयुक्त औषधे आणि पूर्वी होऊन गेलेली गुठळी यांमुळेही धोका वाढतो. काहींमध्ये ही प्रवृत्ती जन्मजात असते.

पायातली गुठळी सुटून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली, की तिला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. हा प्रकार जिवावर बेतू शकतो. पायातील आणि फुफ्फुसातील गुठळी हे एकाच आजाराचे दोन टप्पे असल्याने अभ्यासक दोहोंची मोजणी एकत्रही करतात आणि वेगवेगळीही.

आकडा वाचावा कसा?

एखाद्या वस्तीत वर्षभरात दर एक लाख लोकांमागे किती जणांना हा आजार नव्याने झाला, हा त्या वस्तीतील आजाराचा दर. तो कळण्यासाठी त्या भागातील प्रत्येक रुग्णालयाच्या नोंदी वर्षानुवर्षे त्याच पद्धतीने तपासाव्या लागतात. असे चिकाटीचे काम जगात मोजक्या ठिकाणी झाले आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचे शहर आहे. १९८५-८६ मध्ये तेथील परिसरात वर्षाला एक लाख लोकांमागे सुमारे ७३ जणांना प्रथमच शिरेतील गुठळीचा त्रास झाला होता. वय आणि लिंग यांतील फरकाचा हिशेब करूनही २००९ मध्ये हाच आकडा १३३ झाला. नॉर्वेतील ट्रोम्सो शहरातील प्रौढांमध्ये १९९६-९७ साली हा दर १५८ होता, तो २०१०-११ साली २०१ वर गेला.

‘वयाचा हिशेब करून’ या शब्दांचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. या आजारात वयाइतके परिणामकारक दुसरे काहीच नाही. लहान मुलांत तो वर्षाला एक लाखात जेमतेम एखाद्याला होतो, तर अतिवृद्धांमध्ये काही देशांत शंभरात एकापर्यंत पोहोचतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एक लाख वस्तीच्या नगरात साठीपुढचे ८ हजार लोक आहेत. त्यांच्यात वर्षाला हजारी ३ जणांना आणि उरलेल्या ९२ हजारांत दहा हजारी २ जणांना गुठळी होते, असे समजा. वर्षाचे रुग्ण झाले सुमारे ४२. वीस वर्षांनी त्याच नगरात साठीपुढचे लोक १६ हजार झाले, बाकी काहीच बदलले नाही. तरी रुग्ण ६५ होतील. आकडा दीडपट झाला, पण कोणाही एका व्यक्तीचा धोका रतीभरही वाढला नाही. नगर वयस्क झाले, इतकेच.

आपल्या देशात हेच घडते आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील नागरिकांचे प्रमाण ८.६ टक्के होते आणि महाराष्ट्रात ते त्याहून अधिक होते. २०३६ पर्यंत देशात ते १५ टक्क्यांच्या घरात जाईल, असा सरकारी अंदाज आहे. १८५२ साली नगरपालिका लाभलेले आपले पनवेल १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाले. सिडकोच्या वसाहतींत तरुणपणी घर घेतलेली पिढी आता निवृत्त होत आहे. केवळ या एका कारणाने येत्या काळात डीव्हीटीचे रुग्ण आपल्या आसपास अधिक दिसतील. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, तयारी मात्र हवी.

शोधले की सापडते

ट्रोम्सोच्या आकड्यांत एक मोठी बोलकी गोष्ट आहे. त्याच पंधरा वर्षांत फुफ्फुसातील गुठळ्यांचा दर ४५ वरून ११३ झाला, तर केवळ पायातील गुठळ्यांचा दर ११२ वरून ८८ पर्यंत खाली आला. वूस्टरमधील वाढही मुख्यतः फुफ्फुसातील गुठळ्यांचीच होती. एकाच आजाराच्या एका टप्प्याचा आकडा वर जातो आणि दुसऱ्याचा खाली येतो, हे कसे?

त्या काळात झालेला मोठा बदल म्हणजे सीटी स्कॅन. विसाव्या शतकाच्या अखेरीस रंगद्रव्य टोचून फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचे चित्र काढणारी सीटी अँजिओग्राफी रूढ झाली आणि पूर्वी नजरेतून निसटणाऱ्या बारीक गुठळ्याही दिसू लागल्या. अमेरिकेत १९९८ मध्ये फुफ्फुसातील गुठळीचे निदान एक लाखात ६२ प्रौढांना होत होते, २००६ मध्ये ते ११२ वर गेले. मात्र त्याच काळात या आजाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण एक लाखात १२ च्या आसपासच राहिले. आजार खरोखरच दुपटीच्या जवळ गेला असता, तर मृत्यू इतके स्थिर राहणे अवघड होते. वाढीचा मोठा वाटा अधिक बारकाईने शोधण्याचा होता.

युरोपात तर मृत्यूंचा दर चक्क घटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागात फुफ्फुसातील गुठळीमुळे होणारे मृत्यू २००० साली एक लाखात १२.८ होते, ते २०१५ साली ६.५ झाले. लवकर निदान, चांगली औषधे आणि सौम्य रुग्णांचाही मोजणीत समावेश, अशी अनेक कारणे यामागे असू शकतात. म्हणून ‘रुग्ण वाढले’ असा मथळा वाचला, की एक प्रश्न अवश्य विचारावा : मृत्यूही वाढले का?

‘आपल्याकडे हे होत नाही’ हा समज

आपल्याकडील कहाणी थोडी वेगळी आहे. शिरेतील गुठळी हा पाश्चात्त्यांचा आजार आहे, आपला आहार आणि राहणी वेगळी असल्याने भारतीयांना तो क्वचितच होतो, असे डॉक्टरही बराच काळ मानत. या समजात तथ्याचा अंश आहे. ‘फॅक्टर व्ही लायडन’ नावाचा जनुकीय दोष युरोपीय वंशाच्या शंभरांत सुमारे पाच जणांत आढळतो, भारतीयांत तो बराच कमी आढळतो. आशियाई देशांतील नोंदलेले दरही पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहेत. परंतु ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे.

मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सकांनी हा समज तपासून पाहिला. पायाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या शिरांची त्यांनी मुद्दाम तपासणी केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, गुठळी रोखणारे औषध न दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्क्यांच्या शिरांत गुठळी आढळली आणि औषध दिलेल्यांत ४३ टक्क्यांच्या. अशा तपासण्यांत सापडणाऱ्या बऱ्याच गुठळ्या लहान असतात आणि कोणताही त्रास न देता विरूनही जातात. तरीही ‘आपल्याकडे हे होत नाही’ हे विधान त्यानंतर ठामपणे करणे कठीण झाले.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९९६ ते २००५ या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या. तेव्हा दर दहा हजार दाखल रुग्णांमागे सुमारे १७ जणांना खोल शिरेतील गुठळी आढळली. चंडीगडच्या पीजीआय संस्थेत मरण पावलेल्या एक हजार प्रौढ रुग्णांच्या शवविच्छेदनांत सुमारे १६ टक्क्यांच्या फुफ्फुसांत गुठळी सापडली. आपल्या घरांत एखाद्या ज्येष्ठाचा अचानक मृत्यू झाला, की तो हृदयविकाराचा झटका मानला जातो आणि विषय तिथेच संपतो. त्यांतले काही मृत्यू फुफ्फुसातील गुठळीचेही असतात, पण शवविच्छेदन न झाल्याने ते मोजणीत येत नाहीत.

मोजणी सुधारली की चित्र कसे पालटते, हे दक्षिण कोरियात दिसले. तेथील आरोग्य विम्याच्या नोंदींनुसार या आजाराचा दर २००४ साली एक लाखात ८.८ होता आणि चारच वर्षांनी तो १३.८ झाला. आपल्याकडे कर्करोगाची लोकसंख्यानिहाय नोंदणी मुंबईत १९६३ पासून होते. त्यामुळे कोणता कर्करोग वाढतो आणि कोणता घटतो, ते सांगता येते. शिरेतील गुठळ्यांसाठी अशी नोंदणीची परंपरा आपल्याकडे रुजलेली नाही. म्हणूनच तलावाकाठच्या गप्पांतील चार प्रसंगांवरून ‘साथ आली’ असा निष्कर्ष काढू नये आणि पूर्वी ऐकले नव्हते म्हणून ‘पूर्वी नव्हतेच’ असेही समजू नये.

खरी वाढ कुठे होते?

आकड्यांमागची खरी वाढ प्रामुख्याने दोन ठिकाणी दिसते : रुग्णालयातील मुक्कामानंतर आणि दीर्घकाळच्या बैठकीत.

आधी बैठकीविषयी. १९४० साली जर्मन विमाने लंडनवर बाँबवर्षाव करू लागली, तेव्हा हजारो नागरिक रात्ररात्र निवाऱ्यांत खुर्च्यांवर बसून काढू लागले. कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या लक्षात आले, की फुफ्फुसातील गुठळीने होणारे आकस्मिक मृत्यू आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा सुमारे सहापट झाले आहेत. खुर्चीची कड मांडीखाली रुतून पायातील रक्तप्रवाह रोखला जात होता. यावर उपाय होता तो पाय पसरून झोपता येईल अशा फळ्यांचा. ऑक्टोबर २००४ मध्ये जपानच्या निगाता भागात भूकंप झाला, तेव्हा घराबाहेर मोटारीत रात्री काढणाऱ्यांमध्येही असेच रुग्ण आढळले. माणसांची प्रकृती पालटली नव्हती, बसण्याची तऱ्हा पालटली होती. तेवढ्याने दर बदलला.

पनवेल तर प्रवासाचेच गाव. मुंबई-गोवा महामार्ग इथून निघतो, पुण्याचा द्रुतगती मार्ग इथूनच जातो आणि गणपतीत कोकणात निघालेल्या गाड्यांची इथे रीघ लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासाने गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. हे विमानालाच नव्हे, तर बस, मोटार आणि रेल्वेलाही लागू आहे. मूळ धोका लहान असल्याने दुप्पट झाला तरी तो लहानच राहतो : चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात सुमारे सहा हजारांत एक. पण जिच्या खुब्याची शस्त्रक्रिया महिन्यापूर्वीच झाली आहे, तिला हे गणित लागू नाही. तिने एवढ्यात असा प्रवास करण्याआधी डॉक्टरांना विचारावेच.

करोनाच्या साथीतही प्रमाण वाढले. गंभीर कोविडमध्ये रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, म्हणून रुग्णालयांत हेपॅरिन देणे रूढ झाले. लसीविषयीची भीती अजून अनेकांच्या मनात आहे. तिच्यासाठी एक आकडा सांगतो. मे २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलेल्या अहवालानुसार, कोव्हिशील्डनंतर गुठळीची शक्यता असलेल्या २६ घटना नोंदल्या गेल्या होत्या, म्हणजे दहा लाख मात्रांमागे ०.६१. धोका शून्य नव्हता, पण तो आजारातील धोक्याच्या तुलनेत फार कमी होता.

आता दुसरे आणि अधिक महत्त्वाचे ठिकाण : रुग्णालय. अमेरिकेतील ओल्मस्टेड परगण्याच्या दीर्घ अभ्यासात असे दिसले, की समाजातील एकूण गुठळ्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा संबंध रुग्णालयातील किंवा शुश्रूषागृहातील मुक्कामाशी होता. त्यातील अनेक गुठळ्या रुग्ण घरी परतल्यावर प्रकट होतात. आपल्या परिसरात कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोग संस्था आहे, खासगी रुग्णालयेही पुष्कळ झाली आहेत. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे, त्या आता जवळ होतात. ही प्रगती स्वागतार्हच आहे. तिच्यासोबत शस्त्रक्रियेनंतरची काळजी मात्र आपल्या घरात आली आहे.

आणि इथेच आपण कमी पडतो. ३२ देशांतील रुग्णालयांच्या ‘एंडॉर्स’ या पाहणीत भारतातील १० रुग्णालये सहभागी होती. त्यांतील दाखल रुग्णांपैकी जवळजवळ ५४ टक्क्यांना गुठळीचा धोका होता. त्या धोक्यातील रुग्णांपैकी शिफारशीनुसार प्रतिबंधक उपचार मिळाले ते जेमतेम १७ टक्क्यांना.

दर खाली आणता येतो

इंग्लंडमध्ये २००५ साली संसदेच्या आरोग्य समितीने सांगितले, की रुग्णालयाशी संबंधित, टाळता येण्याजोग्या गुठळ्यांमुळे वर्षाला सुमारे २५ हजार मृत्यू होतात. त्यावर २०१० मध्ये तेथील सरकारी आरोग्यसेवेने नियम केला, की दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाचा गुठळीचा धोका कागदावर तपासला गेला पाहिजे. ज्या रुग्णालयांनी ९० टक्के रुग्णांची अशी तपासणी साधली, तिथे घरी परतल्यानंतर होणारे गुठळीचे मृत्यू लक्षणीय घटले. नवे यंत्र आले नव्हते, महागडे औषध आले नव्हते. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत एक प्रश्न न चुकता विचारला जाऊ लागला होता.

तोच प्रश्न आपण, रुग्णाचे नातेवाईक म्हणून, विचारू शकतो.

घरी काय करावे?

*रुग्णालयातून सुट्टी मिळताना* डॉक्टरांना नम्रपणे पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे लिहून घ्यावीत.

• यांना गुठळीचा धोका किती आहे? पूर्वी कुटुंबात कुणाला झाली असल्यास तेही सांगावे.
• प्रतिबंधक इंजेक्शन किंवा गोळी घरी चालू ठेवायची का, आणि किती दिवस? खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते पाच आठवड्यांपर्यंतही द्यावे लागते. ‘आता बरे वाटते’ म्हणून मध्येच बंद करू नये.
• केव्हापासून उठवायचे, किती चालवायचे?
• दाबाचे मोजे वापरायचे का? मधुमेहामुळे किंवा धमनीच्या विकारामुळे पायाचा रक्तपुरवठा कमी असल्यास हे मोजे अपायकारक ठरू शकतात, म्हणून स्वतःच्या मनाने घालू नयेत.
• रात्री-अपरात्री त्रास झाल्यास कुठे जायचे?

*पुढचे तीन महिने* जागरूक राहावे. आपल्याकडे ज्येष्ठांवरील माया ‘तुम्ही उठू नका, सगळे हाताशी आणून देतो’ या शब्दांत व्यक्त होते. शस्त्रक्रियेनंतर मात्र ही माया घातक ठरू शकते. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर दर एक-दोन तासांनी आधार देऊन दोन फेऱ्या मारायला लावणे, हीच खरी सेवा. उठता येत नसेल, तर पडल्या पडल्या पावले वर-खाली करावीत, घोटे गोल फिरवावेत. रात्री लघवीला उठावे लागेल म्हणून अनेक ज्येष्ठ पाणी पिणे टाळतात. तसे करू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असल्यास तेवढे पाळावे.

*पायाकडे रोज पाहावे.* एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, त्वचा गरम किंवा लालसर-निळसर होणे ही महत्त्वाची चिन्हे आहेत. दोन्ही पाय सारखे सुजले असतील, तर कारण बहुधा वेगळे असते, पण तेही डॉक्टरांना दाखवावे. शिवणकामाची टेप घेऊन गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. फरक ३ सेंटिमीटरहून अधिक असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. फरक कमी असला, पण दुखत असेल, तरीही दाखवावेच.

*सुजलेला पाय तेल लावून रगडू नये.* आपल्या घरांत पाय दुखला, की तेल गरम करून चोळण्याची पद्धत आहे. एरवी ती सुखाची असेल, पण शिरेत गुठळी असताना जोराने चोळल्यास ती सुटून फुफ्फुसाकडे जाऊ शकते. निदान होईपर्यंत मालीश नको, शेक नको आणि घट्ट पट्टी बांधणेही नको.

*तातडीची चिन्हे* घरातील प्रत्येकाला ठाऊक असावीत : अचानक लागलेली धाप, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, छातीत धडधड, घेरी किंवा शुद्ध हरपणे. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि ‘अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे’ किंवा ‘पाय सुजला होता’ हे आवर्जून सांगावे. या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकते.

*प्रवासात* दर दोन तासांनी गाडी थांबवून चार पावले चालावे. बसमध्ये जागा असेल तर पायाखाली सामान ठेवू नये, म्हणजे पाय हलवता येतात. पाणी पीत राहावे आणि झोपेची गोळी घेऊन तासन्‌तास एका अवस्थेत बसून राहू नये.

*गुठळी झाल्याचे निदान झाले असेल,* तर रक्त न गोठण्याची औषधे बहुधा किमान तीन महिने आणि काहींना दीर्घकाळ घ्यावी लागतात. ती स्वतःहून थांबवू नयेत, कारण गुठळी पुन्हा होण्याचा संभव असतो. वॉरफेरिन किंवा अ‍ॅसेनोकुमॅरॉल चालू असल्यास ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी सांगितलेल्या तारखेला करावी. मेथी, पालक, अळू या पालेभाज्या वर्ज्य नाहीत, मात्र एका आठवड्यात भरपूर आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही, असे करू नये. प्रमाण सारखे ठेवावे. नव्या प्रकारच्या गोळ्यांना ही तपासणी आणि आहाराचे हे बंधन नसते, पण त्या रोज वेळेवर घेणे अधिक गरजेचे असते. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामके आणि कुणी सुचवलेली काढे-चूर्णे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यांच्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो. काळे शौच, लघवीतून रक्त किंवा डोक्यावर पडणे यांपैकी काहीही झाले, तर लगेच रुग्णालयात जावे. दंतवैद्याकडे जाण्यापूर्वीही या औषधांची माहिती द्यावी. औषधाचे नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवणे ही साधी, पण मोठी सोय आहे.

शेवटी पहिल्या प्रश्नाकडे वळू. गुठळ्या वाढल्या का? समाज वयस्क झाला, शस्त्रक्रिया वाढल्या, बैठक वाढली, म्हणून थोड्या वाढल्या. त्याहून अधिक वाढली ती त्यांची ओळख. समाजाचा दर बदलायला वर्षे लागतील, आणि त्यासाठी नोंदी ठेवणारी व प्रत्येक रुग्णाचा धोका तपासणारी रुग्णालये लागतील. आपल्या घरातील एका ज्येष्ठाचा धोका मात्र रुग्णालयातून आणलेल्या कागदावरच्या पाच उत्तरांनी, मोजमापाच्या टेपने आणि दर दोन तासांच्या दोन फेऱ्यांनी आजच कमी करता येतो.